हात चालणारा माणूस

४ फेब्रुवारी

ताई,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे. माझ्या आठ अंगांपैकी बरीचशी माझं ऐकत नाहीत, तेव्हा जमेल तेवढाच नमस्कार घे.

घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोन आई माझ्या कानाला धरते आणि तिलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करते. गिलावा करताना परांचीवरून पडलो त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी तुझ्याशी तिच्यामाघारी एक वाक्य बोललेलो नाही. हे पत्र मी रुग्णालयाच्या व्यायामाच्या खोलीत बसून बोलतोय आणि इथला कॉम्प्युटर ते टाइप करतोय. तो अधूनमधून चुकीचं ऐकतो. 'दाजींना नमस्कार' म्हटलं तर त्याने 'दाजींना चमत्कार' लिहिलं. मास्तरणीने दुरुस्त केलं.

मास्तरीण म्हणजे इथल्या फिजिओथेरपीच्या बाई. नाव वेगळं आहे, पण इथे सगळे मास्तरीणच म्हणतात, कारण काहीही केलं तरी त्यांचा शब्द एकच, 'परत करा.' त्यांनी मला एका नव्या उपचारात घेतलंय. मानेच्या मागे कातडीवर चिकटपट्ट्या लावतात आणि त्यातून वीज सोडतात. चिरफाड नाही, दुखत नाही, नुसत्या माश्या गुणगुणल्यासारखं वाटतं. वीज चालू असताना हात हलवायचा प्रयत्न करायचा. मास्तरीण म्हणतात, माझ्या मेंदूचा निरोप मोडलेल्या जागेच्या पलीकडे थोडासा पोचतो, पण इतक्या हळू आवाजात की पलीकडच्याला ऐकू येत नाही. वीज लावली की पलीकडचा कान टवकारतो.

तुला माहीत आहे माझ्या हातांचं काय आहे ते. खांदे हलतात, कोपर वाकतो, आणि त्यापुढे दोन हातमोजे लटकवल्यासारखे पंजे. एका वर्षात जे परत आलं नाही ते येणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मास्तरीण म्हणतात, तसं आता कोणी छातीठोकपणे म्हणत नाही. पाय चालणार नाहीत, हे मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आईला यातलं माहीत नाही. खांदे आखडू नयेत म्हणून जातो, असं सांगितलंय. सुरुवातीच्या वर्षांत तिने माझ्यासाठी किती डॉक्टर-वैद्यांचे उंबरे झिजवले ते तू पाहिलंयस. शेवटच्या माणसाने नाही म्हटलं, त्या दिवशी घरी येऊन ती गुपचूप माझी नखं कापत बसली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. मला तिला परत त्या आशेच्या गाडीत बसवायचं नाही. काही हाती लागलं, तरच सांगेन. तूही बोलू नकोस.

उत्तर या खोलीच्या पत्त्यावर पाठव.

तुझा
गुंड्या

२६ फेब्रुवारी

गुंड्या,

वीज म्हटल्यावर मी पत्र अर्ध्यातच घडी करून ठेवलं. मग दाजींनी पत्र पुन्हा वाचून दाखवलं, तेव्हा जरा हायसं वाटलं. ते म्हणाले, 'चमत्कार मिळाला, धन्यवाद कळव.'

मी हॉटेलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात उभी राहून हे लिहितेय. मागे इस्त्रीचा रोलर चालू आहे, त्यातून चादरी येताहेत, आणि माझ्या हाताखालच्या दोन मुलींचं चादर कोणी वाकडी धरली यावरून भांडण चाललंय. मला मुकादम केल्यापासून काम कमी झालं आणि बोलणं वाढलं. तू म्हणशील, ताईला आयतंच मिळालं.

तू कर हो जे करतोयस ते. पण माझं ऐक, फार मनाला लावून घेऊ नकोस. झालं तर झालं. तू गिलावा करायचास तेव्हा छताचा कोपरा नीट आला नाही तर रात्रभर कुढत बसायचास. तसा इथे बसू नकोस.

आईला मी काही बोलणार नाही. तशी ती माझ्याशी तरी कुठे सरळ बोलते? परवा फोनवर तिने मला 'जेवलीस का' असं विचारलं. मी हो म्हटलं. लगेच पुन्हा विचारलं. मग पुन्हा. मी काय खाल्लं तेही सांगितलं, तरी चौथ्यांदा तेच. टोमणा कळतो मला. मी इथे पोटभर खाते आणि तिथे ती एकटी तुझं सगळं करते, हेच तिला म्हणायचं असतं. म्हणू दे. हक्क आहे तिचा. पण गुंड्या, लागतं रे.

त्या खोलीत अजून काय काय करायला लावतात ते लिही.

तुझी
ताई

१९ एप्रिल

ताई,

अंगठा हलला.

आधी तेवढंच लिहून पत्र पाठवणार होतो. पण तू म्हणशील, कुठला, किती, कसा. तर उजवा. टेबलावर कपडे वाळत घालायचे चिमटे असतात, तुझ्या धंद्यातलेच. ते दाबून दोरीवर लावायचे हा इथला अभ्यास. मी कित्येक आठवडे त्या चिमट्याकडे नुसता बघत होतो. त्या दिवशी वीज चालू होती, मास्तरीण दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होत्या, आणि चिमट्याने तोंड उघडलं. अगदी जरासं, झोपेतून उठल्यासारखं. मला वाटलं टेबल हललं. मी पुन्हा केलं. पुन्हा उघडलं. मास्तरीण म्हणाल्या, 'परत करा,' आणि मग स्वतःच खाली बसल्या.

आता वीज बंद केल्यावरही अंगठा थोडा ऐकतो. हे जास्त मोठं आहे, असं त्या म्हणतात. माझी बोटं मला अजून परक्यासारखी वाटतात. सांगितलेलं ऐकतात, पण विचार करून. तुझं मागचं पत्र मी स्वतः उघडलं. मास्तरणीने पाकिटाचा कोपरा फाडून दिला होता, पण पुढचं माझंच. पत्राचाही एक कोपरा गेला, त्यात दाजींचा निरोप होता वाटतं.

आईचं मनाला लावून घेऊ नकोस. टोमणा वगैरे काही नाही. वय झालंय, विसरते. मलाही दोनदा विचारते.

तिला दाखवायचं मी ठरवलंय. जाड मुठीचा चमचा मिळालाय. तो अजून तोंडापर्यंत न सांडता येत नाही. तेवढं जमलं की एखाद्या दुपारी तिच्यासमोर सूप पिणार आहे. ती भरवायला वाटी घेऊन येईल, आणि मी म्हणेन, 'बस, आज तू बस.' हे वाक्य मी गाडीत बसून घोकतो. गाडीच्या ड्रायव्हरला वाटतं मी त्यालाच म्हणतोय. तो म्हणाला, 'मी बसलेलोच आहे.'

गुंड्या

८ मे

गुंड्या,

तुझं पत्र वाचून मी एका स्वच्छ चादरीला नाक पुसलं. ती परत धुवावी लागली. मुलींना वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं, गेलं नाही, आलंय, माझ्या भावाचा अंगठा आलाय. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता वाट कसली बघतोयस? सांडलं तर सांडलं. सांग आईला. जिने इतकी वर्षं तुला घास भरवला, तिला सांडलेल्या सुपाचं काय? तिचा चेहरा कसा झाला ते मला सगळं लिही. ती रडली की हसली, काय म्हणाली, अगदी शब्दन्‌शब्द. मी तिथे नसणार याचं फार वाईट वाटतंय, म्हणून तू नीट बघून ठेव.

हॉटेलचा हंगाम संपला की मी येतेच आहे.

ताई

१७ जून

ताई

हे मी लिहितोय. हाताने. पेनाला रबर गुंडाळलाय.

एवढ्या ओळींना अख्खा तास गेला. अक्षराला हसू नकोस. बोट दुखतं. दुखतं म्हणजे कळतं.

बाकी बरं आहे.

गुंड्या

५ जुलै

गुंड्या,

तुझं अक्षर मी पाकिटात ठेवून सगळ्यांना दाखवत फिरले. दाजी म्हणाले, 'पहिलीतल्यापेक्षा बरं आहे.' पण त्यात आईबद्दल एक शब्द नव्हता. म्हटलं, दमला असेल, पुढच्या पत्रात लिहील. ते पत्र आलंच नाही. म्हणून रविवारी मी फोन केला. तू झोपला होतास. मी आईला म्हटलं, 'काय मग, लेकाने सूप प्यायलं म्हणे.'

आई म्हणाली, 'कसलं सूप? मी भरवते तेव्हा कुठे दोन घास पोटात जातात. हात कुठे चालतात त्याचे?'

मी म्हटलं, 'अगं, चालायला लागलेत ना.' तर ती चिडली. म्हणाली, 'तू लांब बसून त्याची थट्टा करतेस होय?' आणि फोन ठेवला.

आता तूच सांग, मी काय समजू? आई खोटं कशाला बोलेल? आणि ती ज्याला रोज भरवते त्याचे हात चालत असतील, तर तिला माहीत नसेल? ते हाताने लिहिलेलं पत्र कोणाकडून लिहून घेतलंस? मला बरं वाटावं म्हणून केलं असशील तर मी रागावणार नाही. उपचाराचा उपयोग झाला नसेल तर तसं सरळ सांग. तू चालता-फिरता होतास तेव्हा माझा भाऊ होतास, आणि नंतर नाही, असं कधी झालं का? पण मला असं वरखाली करू नकोस. मी इथे सगळ्यांना सांगून बसलेय.

ताई

२१ जुलै

ताई,

हात चालतात. चमचा, पेन, पाकीट, चिमटा, सगळं खरं आहे. आईही खोटं बोललेली नाही. हे पत्र लांब आहे, म्हणून बोलून टाइप केलंय. आज मास्तरणीला बाहेर जायला सांगितलं.

जूनच्या पहिल्या रविवारी मी ते केलं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. हल्ली त्या दुपारी वर येतात. त्यांनी सूप समोर ठेवलं, चमचा मुठीत बसवला आणि दारात उभ्या राहिल्या. आई स्वयंपाकघरात होती. मी चमचा उचलला. अर्धा सांडला, अर्धा तोंडात गेला. दुसरा भरत होतो, तेवढ्यात आई ताटली घेऊन बाहेर आली.

मी म्हटलं, 'बस आई, आज तू बस.'

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तिने ताटली टेबलाच्या कडेला ठेवली आणि म्हणाली, 'अहो, तुम्ही कोण?'

ताई, आई मला अहो म्हणाली.

मी म्हटलं, 'अगं मी. गुंड्या.' तर ती शांतपणे, खिडकीवरच्या कारकुनाला समजावून सांगावं तसं म्हणाली, 'माझ्या मुलाचे हात चालत नाहीत. इथे तो बसतो. तुम्ही त्याच्या जागेवर बसलात.' आणि मला शोधायला आत गेली. माझ्या खोलीत, न्हाणीघरात, दारामागे. हाका मारत होती. मी बाहेरून म्हणत होतो, 'आई, मी इथे आहे.' आवाज ओळखीचा वाटला की ती यायची, माझ्या हातातला चमचा बघायची आणि पुन्हा आत जायची. दोनदा, तीनदा. तिला धाप लागली. शेवटी शिंपीणबाईंनी चमचा काढून घेतला, माझे हात मांडीवर ठेवले आणि वर शाल टाकली.

आई आली. म्हणाली, 'इथे आहेस होय? मी मेली घरभर शोधतेय.' माझं तोंड पदराने पुसलं, खुर्ची ओढून बसली आणि मला भरवायला लागली. मी तोंड उघडलं.

तुला सांगायचं राहिलं नव्हतं, सांगायचं नाही असं ठरलं होतं. आईचं हे विसरणं सुरू होऊन वर्ष उलटून गेलं. आधी गॅस चालू राहायचा, मग किल्ल्या फ्रीजमध्ये सापडायच्या, मग मला दोनदा आंघोळ. एकदा ती अगदी शुद्धीवर असताना म्हणाली, 'ताईला सांगू नकोस. ती सगळं सोडून येईल, आणि तिचं घर मोडेल.' मी शब्द दिला. तुला चार वेळा 'जेवलीस का' विचारते ते टोमणा म्हणून नाही. तिच्या लक्षात तुझं उत्तर राहत नाही. विचारायचं मात्र राहतं.

तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, नवीन काही आत जाणार नाही, जुनं हळूहळू गळेल. माझे हात चालत नाहीत हे तिने इतकी वर्षं रोज सकाळी उठून केलंय. ते तिच्या फार खोल गेलंय. शेवटी जे उरेल ते बहुधा तेच असेल.

मी उशीर केला, ताई. कोणाचा दोष नाही, पण उशीर झाला.

गुंड्या

९ ऑगस्ट

गुंड्या,

पत्र आलं त्या दिवशी मी काम टाकून मळक्या चादरींच्या ढिगावर बसून राहिले. कोणी उठवलं नाही.

'जेवलीस का' असं तिने परवा पुन्हा विचारलं. या वेळी मी प्रत्येक वेळेला नवं उत्तर दिलं. एकदा म्हटलं पाव खाल्ला, एकदा म्हटलं भात, एकदा म्हटलं अजून नाही. अजून नाही म्हटल्यावर तिला बरं वाटलं. म्हणाली, 'मग जेव, मी थांबते फोनवर.' आणि खरंच थांबली.

आता माझं ऐक, आणि मोठी बहीण म्हणून ऐक. हात शालीखाली ठेवायचे नाहीत. मला माहीत आहे तू काय करतोयस. तिला त्रास नको म्हणून तू घरी लुळा होऊन बसत असशील. आई आजारी आहे आणि तू बरा होतोयस. एकासाठी दुसरं बुडवू नकोस. आईचं भान परत येणार नाही, तुझे हात आलेत, ते घालवलेस तर मी तुला क्षमा करणार नाही.

मी आईला इकडे आणते. आमच्या दोन खोल्या आहेत, दाजी म्हणतात पडदा लावून तिसरी करू. मी दिवसपाळी मागून घेईन. तुझ्याकडे कायमचा माणूस ठेवू. होय म्हण.

ताई

२ ऑक्टोबर

ताई,

तू ओळखलंस. मी घरी हात शालीखालीच ठेवत होतो. मास्तरणीच्याही लक्षात आलं. चिमट्याचा जोर कमी झाला होता. त्या रागावल्या, 'वापराल तेवढं राहील. घरी काय करता?' मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि त्या दिवशी 'परत करा' म्हणाल्या नाहीत.

पण तिला तिकडे नेऊ नकोस. मला भरवायचं असतं म्हणून ती सकाळी उठते. ते काढून घेतलं तर ती उठेल कशाला? आणि आता निराळंच काहीतरी चाललंय, ते तुला सांगायचंय.

ती वाळत चालली होती. शिंपीणबाईंच्या लक्षात आलं की ती मला जेवू घालते आणि स्वतः जेवायचं विसरते. आपण जेवलो, असंच तिला वाटतं. शिंपीणबाई भरवायला गेल्या तर तोंड फिरवते. मी हात पुढे केला तर घाबरते.

एकदा दुपारी गाडीने मला घरी सोडलं. व्यायामाच्या वेळी घालायला देतात तो रुग्णालयाचा निळा कोट अंगात होता, काढायचा राहिला होता. आई दारात आली आणि म्हणाली, 'रुग्णालयातून आलात का?' मी थकलेलो होतो. म्हटलं, 'हो.' ती म्हणाली, 'तुम्हीही चाकांच्या खुर्चीतच?' मी म्हटलं, 'हो मावशी. पण हात चालतात.' ती म्हणाली, 'नशीबवान आहात. या.'

आत आल्यावर मी टेबलाशी बसलो, वाटी ओढली, चमचा भरून तिच्यासमोर धरला. तिने खाल्लं, ताई. सगळी वाटी. मधेच म्हणाली, 'तुमचे हात चांगले आहेत हो. माझ्या मुलाचे असे झाले असते, तर.'

मी विचारलं, 'झाले असते, तर काय केलं असतं तुम्ही?'

'झोपले असते,' ती म्हणाली. 'खूप झोपले असते. थकलेय मी. त्याला सांगू नका.'

मी म्हटलं, 'त्याचे हात चालायला लागतील, मावशी. हल्ली उपचार आहेत.' तर तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. 'त्याच्यासमोर असं बोलू नका. मागे एकदा मी त्याला आशा लावली होती. फार लागलं त्याला.'

आता हे रोजचं झालंय. सकाळी मी तिचा मुलगा असतो आणि ती मला भरवते. दुपारी निळा कोट घालून मी रुग्णालयातला माणूस होतो आणि तिला भरवतो. मास्तरीण खूश आहेत. रोज दुसऱ्याच्या तोंडात घास घालणं यासारखा बोटांना व्यायाम नाही म्हणतात. पकड वाढली आहे.

मुलगा असताना ती माझ्याशी फारसं बोलत नाही. नुसती भरवते. त्या माणसाशी ती खूप बोलते. माझ्याबद्दल. मी लहानपणी मुंग्यांच्या रांगेला वाट करून द्यायला बाजूला व्हायचो, असं काल तिने मला सांगितलं. मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, 'चांगला मुलगा आहे तुमचा.' ती म्हणाली, 'तुम्ही एकदा भेटा त्याला.'

गुंड्या

२० नोव्हेंबर

गुंड्या,

परत घरी पोचले. प्रवासभर काही बोलले नाही, दाजींनी दार उघडलं तेव्हाच तोंड उघडलं.

आईने मला दारातच ओळखलं, हे मला अजून सहन होत नाही. इतक्या दिवसांनी गेले, केस पिकलेत, जाड झालेय, आणि ती सहज म्हणाली, 'ये, जेवलीस का?' आणि तू समोर बसलेला. मी तुझ्याकडे बघायचं टाळलं. तू हसत होतास. तुला खरंच हसू आलं होतं की माझ्यासाठी हसलास, ते विचारायचं धाडस झालं नाही.

दुपारी तू कोट चढवून तिला 'मावशी' म्हणालास, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तो तसाच वाहू दिला. तुला वाटलं भांडी घासतेय. तुझा हात मी दाराच्या फटीतून पाहिला. वाटीतून चमचा भरताना तू जीभ बाहेर काढतोस, लहानपणी चित्र काढताना काढायचास तशी. छान चालतो रे तुझा हात. तुझ्यासमोर मला ते म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. छान चालतो.

पडदा लावून खोली करायचं मी डोक्यातून काढलं आहे. ती तिथेच राहू दे. तुम्ही दोघंही.

फार खोकत होती. डॉक्टरांना दाखव.

ताई

२८ जानेवारी

ताई,

तू परत गेलीस त्याला आठवडा झाला. घरात आता माणसं येत नाहीत. मी आज व्यायामाच्या खोलीत आलो आणि हे हाताने लिहितोय. दोन दिवस लागतील, लागू देत.

आईला स्मशानात पोचवून घरी आल्यावर, सगळे बसलेले असताना, तू मला विचारलंस, 'शेवटी तुला ओळखलं का रे?' मी हो म्हटलं. तुझा चेहरा सैल झाला. शिंपीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ते खरं नव्हतं. तिथे सगळ्यांसमोर मला सांगता आलं नाही.

तिच्या छातीत कफ भरला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता हलवू नका. तुला फोन केला तो त्याच सकाळी. मी खुर्ची पलंगाला लावून बसलो होतो. तिने डोळे उघडले आणि माझा हात चाचपला. मी बोटं मिटली. तिच्या हाताभोवती नीट मिटली. तिला ती पकड कळली आणि ती म्हणाली, 'तुम्ही आलात.'

कोट अंगात नव्हता. आता कोटाचीही गरज राहिली नव्हती.

ती म्हणाली, 'माझ्यामागे त्याला कोण भरवणार? मुलगी लांब असते. तुमचे हात चालतात. तुम्ही याल का?'

मी म्हटलं, 'येईन.'

'घास लहान द्या. गार करून द्या, त्याला गरम सोसत नाही, पण तो बोलणार नाही. भूक लागली तरी मागत नाही. विचारू नका, नुसता समोर धरा. नखं वाढली की हात चादरीत अडकतात, ती बघा.' एवढं बोलायला तिला फार वेळ लागला. मधे मधे ती थांबायची, आणि मी गेलो तर नाही ना म्हणून हात दाबायची.

ताई, 'आई' असं माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. मी म्हणू शकलो असतो. पण म्हटलं असतं तर मला शोधायला ती उठायला बघणार, आणि तिच्यात उठायचं बळ नव्हतं. म्हणून मी म्हटलं, 'काळजी करू नका, मावशी. मी बघेन त्याला.'

'रोज?'

'रोज.'

'तुमचं भलं होवो,' ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. नंतर बोलली नाही. दुपार व्हायच्या आत गेली. हात मीच सोडवला. एकेक बोट उघडायला मला अजून वेळ लागतो, तसा तेव्हाही लागला.

आता तुला खरं कळलं. तुझ्यापासून आणखी काही लपवायचं नाही, म्हणून लिहिलं. तिने मला ओळखलं नाही, पण मला कोणाच्या तरी हाती सोपवून गेली. याचं मला बरं वाटावं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही. तुला ठरवता आलं तर कळव.

मास्तरीण म्हणाल्या, आज काही करू नका. मी चिमटे मागून घेतले.

काल शिंपीणबाईंनी ताट समोर ठेवलं आणि त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या, मला एकट्याला जेवता यावं म्हणून. चमचा मुठीत नीट बसला. भात उचलला, सांडला नाही. तोंडापाशी आणला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग खाल्ला. तोपर्यंत गार झाला होता.

गुंड्या